आईची पाठ, मुलांची उलटी आणि दोन टनांची गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१९ची, चॅसिसवर (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली सात आसनी डिझेल एसयूव्ही सेकंड हँड घेतली, ७८ हजार किलोमीटर झालेत. आधीच्या मालकाने कंपनीची १८ इंची चाकं काढून २० इंची अलॉय चढवलेत. मागे बसणाऱ्या आईला दणके बसून पाठ दुखते. आंबा घाटात तिसऱ्या रांगेतली मुलं उलट्या करतात. गॅरेजवाला म्हणतो, मागे मऊ स्प्रिंग टाकू, नाहीतर स्प्रिंगच्या आत हवेची एअर बॅग बसवू. वर टेक्सासमधले तुमचे बंधू फोनवर सांगतात, की आमच्या सबर्बनमध्ये (शेवरलेची मोठी अमेरिकन एसयूव्ही) पोटातलं पाणी हलत नाही.

स्प्रिंगला हात लावू नका. निदान आत्ता तरी.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. तुमच्या वर्गातली गाडी आमच्याकडे कोण घेतं हे सांगायला नको. निवडणुका जवळ आल्या की पांढऱ्या रंगात दारात रांग लागते. आणि प्रत्येकाचं वाक्य एकच असतं, ‘गाडी जरा मऊ करा.’ तुमच्या घरात मात्र तक्रारी दोन आहेत आणि त्यांची औषधं उलट दिशांना आहेत. आईची पाठ दुखते ती गाडी फार जलद आणि कडक हलते म्हणून. मुलांना मळमळतं ते गाडी फार संथ डोलते म्हणून. गाडी सरसकट मऊ केली तर आईला थोडं बरं वाटेल आणि मुलांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या दुप्पट लागतील.

हे नीट समजण्यासाठी एक आकडा लक्षात घ्या: गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते. माणूस चालताना त्याचं शरीर सेकंदाला साधारण दीड-दोन वेळा वरखाली होतं. तेवढ्याची आपल्याला जन्मभराची सवय असते, म्हणून बहुतेक गाड्यांची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हलेल अशी बेतलेली असते. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतात, कारण पोट, छाती आणि कणा त्याच लयीत डुलायला लागतात. आईची पाठ इथे दुखते. याच्या उलट टोकाला, पाच सेकंदांत एखादंच हेलकावणं, म्हणजे होडीसारखी चाल. बोट लागते ती याच लयीत आणि घाट लागतो तोही याच लयीत. म्हणजे घाटातली उलटी बहुतेक वेळा शॉकअपमुळे होत नाही. ती होते चालकाच्या स्टिअरिंग आणि ब्रेकमुळे, आणि तिसऱ्या रांगेतून पुढचा रस्ता दिसत नाही म्हणून. हे ऐकून चालक नाराज होतात, पण माझा इलाज नाही.

आता दणक्यांकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

मागची स्प्रिंग कडक का असते? ती तुमच्या दोघा-तिघांसाठी बनवलेलीच नाही. सात माणसं आणि वर सामान घेतल्यावरही गाडीचं बूड खाली टेकू नये, हा तिचा हिशोब. जास्तीचं वजन बहुतेक मागच्या हाउसिंगवरच, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी आसावरच येतं. समजा रिकाम्या गाडीत मागच्या स्प्रिंगांवर ८०० किलो आहेत आणि भरल्यावर १२५० होतात. रिकामी असताना ती बाजू सेकंदाला १.६ वेळा हलत असेल, तर भरल्यावर तीच स्प्रिंग १.३ च्या आसपास येते. म्हणून लग्नाला निघालेली, ठासून भरलेली गाडी कशी मखमलीसारखी जाते आणि परत येताना एकट्या चालकाला उडवत आणते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. गाडी तीच असते, फक्त वजन उतरलेलं असतं.

मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी कडक ठेवण्याचं दुसरंही कारण आहे आणि ते गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. १९३०च्या दशकात त्याने वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी एक गाडी तयार केली आणि माणसाला कशात बरं वाटतं ते त्यात बसून तपासलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना थोडा उशिरा. तुमच्या गाडीच्या दोन आसांतलं अंतर पावणेतीन मीटर धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला हा उशीर सेकंदाच्या सहाव्या भागाइतका होतो. दोन्ही बाजू एकाच लयीत हलल्या तर पुढची बाजू खाली येत असताना मागची वर जाते आणि गाडी नंदीबैलासारखी मान हलवत राहते. मागची बाजू जरा जलद असेल तर ती पुढचीला गाठते, दोन्ही एकत्र वरखाली होतात आणि डोकं झुलत नाही. आता मागे मऊ स्प्रिंग टाकून बघा. दणका थोडा कमी होईल, पण मान हलणं वाढेल. वर सात माणसं बसली की बफरवर, म्हणजे स्प्रिंग पुरती दबल्यावर टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आदळेल ते वेगळंच.

ही चूक मी स्वतः केली आहे. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या हट्टाखातर मागच्या कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या स्प्रिंगचा, एक वेढा कापून दिला. त्याला गाडी बुटकी आणि मऊ हवी होती. बुटकी झाली. मऊ मात्र झाली नाही, उलट कडक झाली, कारण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. लांब दोरी सहज पिळते, तिचाच वीतभर तुकडा पिळायला जोर लागतो, तसं. वर चाकाला हलायला जागाही कमी उरली. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले तेव्हा बफरचा चुरा झाला होता. स्वतःच्या पैशाने नव्या स्प्रिंगा घालून दिल्या.

एअर बॅगचंही तसंच. कॉइलच्या आत बसते ती रबरी फुगी मदतनीस असते. जड सामान किंवा ट्रेलर ओढताना बूड खाली बसू नये म्हणून ती भर घालते. म्हणजे कडकपणा वाढवते. मूळची एअर सस्पेन्शन, जिच्यात कॉइलच नसते आणि कॉम्प्रेसर वजन बघून हवा कमी-जास्त करतो, ती वेगळी गोष्ट. ती तुमच्या गाडीवर मागाहून नीट बसवणं म्हणजे नवी भानगड. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा चाकाखाली डोकावतो.

मग दणका येतो कुठून? तुमच्या गाडीच्या बाबतीत माझं बोट पहिल्यांदा चाकांकडे जाईल.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि खड्ड्याशी तिची गाठ सगळ्यांच्या आधी पडते. कंपनीचा टायर २६५/६० आर १८, म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर आणि तिच्या ६० टक्के, रिमपासून जमिनीपर्यंत रबराची भिंत १५९ मिलिमीटर. याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलला २६५/६५ आर १७ येतो, त्याची भिंत १७२. तुमच्या २० इंची अलॉयवर बहुतेक २६५/५० असेल, म्हणजे १३२. बाहेरून चाक तेवढंच दिसतं, मीटरही बरोबर चालतो, पण हवेची गादी इंचभराने पातळ झाली. त्यात मोठा अलॉय बहुधा जड असतो, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली येतं. म्हणजे खड्ड्यात ते खाली-वर नेण्याचं ओझं शॉकअपवर. आधीच्या मालकाने रुबाब विकत घेतला आणि दणके तुमच्या आईच्या वाट्याला आले.

म्हणून पहिलं काम: कुणाकडून तरी कंपनीची १८ इंची चाकं आठ दिवस उसनी घ्या किंवा जुन्या बाजारात बघा, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन या. टायर घेताना चाकाच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा. ‘ऑल टेरेन’मध्ये हलक्या ट्रकसाठीचे जाड थरांचे टायर मिळतात, ते दिसायला दणकट असतात आणि बसायला लाकडी बाकासारखे. ज्याला दांडेली किंवा राधानगरीच्या जंगलरस्त्यावर रोज जायचं नाही, त्याने साधे हायवेचे टायर घ्यावेत.

हवा किती आहे तेही बघा. पंपावरच्या पोराला ‘मोठी गाडी आहे’ एवढंच दिसतं, तो ३८-४० भरून मोकळा होतो. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर चाकाचं माप आणि हवेचा आकडा छापलेला असतो. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरमध्ये मोजा. पाच-सहा पीएसआय जास्त असली तरी मागच्या सीटवर फरक स्पष्ट जाणवतो. कंपनीच्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. जड गाडीचा कमी हवेचा टायर तापून फुटतो, समृद्धीवर तर नकोच. तुमचं २० इंची माप त्या स्टिकरवर नसणार, हाही त्या अलॉयचा एक तोटाच.

चाकं आणि हवा झाली की शॉकअप. बॉनेटवर जोर देऊन गाडी हलवून बघायची जुनी पद्धत दोन टनांच्या गाडीला लागू पडत नाही, पैलवान लावला तरी काही कळत नाही. आम्ही दुसरी युक्ती करतो. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची, थांबायचं, आणि चारही शॉकअपच्या नळकांड्यांजवळ हात न्यायचा. एकदम घट्ट पकडू नका, पोळेल. शॉकअप हादऱ्याची ताकद तेलात जिरवतो आणि तिची उष्णता होते. म्हणजे काम करणारा शॉकअप गरम लागला पाहिजे. एकाच आसावरच्या दोहोंपैकी एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला सुट्टीवर आहे. बाहेरून नुसती तेलाची ओल दिसली तर घाबरू नका, ओघळ आला असेल तर बदला, आणि बदलाल तेव्हा जोडीने. टायरच्या नक्षीवर हात फिरवून बघा, जागोजागी खळगे पडले असतील तर ते चाक रस्त्यावर नाचतंय. आपल्या रस्त्यांवर ७८ हजारांनंतर शॉकअप थकलेले असणं मला तरी नवल वाटणार नाही.

थकलेला शॉकअप दोन्ही त्रास एकदम देतो हे लक्षात ठेवा. चाक थोपवता येत नाही म्हणून दणका बसतो, आणि बॉडी थोपवता येत नाही म्हणून हेलकावे येतात. तुमच्या दोन्ही तक्रारींवर एकाच वेळी चालणारं औषध असलंच, तर ते इथे आहे.

यानंतर रबर. आर्मचे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे), लिंक रॉड, शॉकअपचे बुश हे सगळे बघतात. चॅसिस आणि बॉडी यांच्यामध्ये जे रबराचे माउंटिंग असतात ते मात्र कुणी बघत नाही. चॅसिसच्या गाडीत बॉडी त्या रबरांवर ठेवलेली असते. ती दगडासारखी झाली की बारीक कंप थेट सीटपर्यंत येतो आणि माणूस शॉकअपला शिव्या देतो.

आता गाडीच्या मूळ रचनेबद्दल, कारण काही गोष्टी बदलून मिळणार नाहीत. तुमच्या गाडीला मागे अखंड हाउसिंग आहे. दोन चाकं, मधला डिफरन्शियल, सगळं एका लोखंडी नळीत. ते उतरवताना आम्हाला जॅक लावावा लागतो, एवढं जड असतं. डाव्या चाकाला खड्डा लागला की उजवं चाकही तिरकं होतं आणि आत बसलेल्यांची डोकी एकाच वेळी काचेकडे जातात. त्यात हाउसिंग आडवं सरकू नये म्हणून एका बाजूला चॅसिसला जोडलेला लॅटरल रॉड असतो. तो एका टोकाभोवती फिरतो, त्यामुळे हाउसिंग वर गेलं की किंचित बाजूलाही जातं. प्रत्येक उंचवट्यावर मागच्या बाजूला जो हलका आडवा झटका बसतो, तो याचा. स्कॉर्पिओ-एनमध्ये आणि दुसऱ्या पिढीच्या एन्डेव्हरमध्ये या रॉडऐवजी वॉट लिंकेज दिलंय. दोन दांड्या आणि मध्ये फिरणारा तुकडा, त्यामुळे हाउसिंग जवळजवळ सरळ रेषेत वरखाली होतं. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनेच हे १७८४मध्ये शोधलं, आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

आणि बंधूंची सबर्बन? त्यांचं म्हणणं खरं असणार, पण तुलना सरळ नाही. सबर्बनच्या दोन आसांतलं अंतर सुमारे ३.४ मीटर आहे. आपल्याकडच्या फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, सफारी, एक्सयूव्ही७०० या सगळ्यांचं पावणेतीनच्या घरात. लांब गाडी मान कमी हलवते, लांब पाटावर चिखल ओलांडावा तशी. शिवाय २०२१च्या मॉडेलपासून सबर्बनला मागेही दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. त्याआधी कित्येक वर्षं तिलाही अखंड हाउसिंगच होतं. फोर्डने एक्स्पिडिशनला स्वतंत्र मागची चाकं २००३मध्येच दिली होती. चॅसिस असूनही गाडी मऊ चालू शकते, हे यावरून कळतं. ‘चॅसिसची म्हणजे दणके देणारच’ हे अर्धसत्य आहे. खरा फरक पडतो मागच्या आसाच्या रचनेने आणि लांबीने. आणि टेक्सासमध्ये आपल्यासारखे गतिरोधक नाहीत, हेही विसरू नका.

गतिरोधकांचं तर काय सांगू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या नियमात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे ताशी २५ने गाडी सहज निघावी. आपल्या गावात ज्याच्या दारात अपघात झाला तो रात्रीत डांबराचा वरवंटा टाकून मोकळा होतो. उंची वीतभर, रुंदी हातभर. अखंड हाउसिंगवाल्या गाडीत तो ओलांडताना दोन गोष्टी पाळा. ब्रेक आधी मारून घ्या आणि चाक चढायच्या क्षणी सोडून द्या, कारण ब्रेकवर पाय असेल तर पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि उरलेला धक्का पचवायला जागा नसते. आणि तिरके चढू नका. बुटक्या सेडानची खालची बाजू घासू नये म्हणून ती सवय लोकांना लागलीय. उंच गाडीत तिरकं चढलं की ती आडवी डोलते आणि उंचावर बसलेल्याचं डोकं जास्त फिरतं.

बसायची जागा बदलणं फुकट आहे, ते आजच करा. तिसरी रांग थेट मागच्या हाउसिंगवर असते, तिथे हादरा सगळ्यात मोठा. दोन्ही आसांच्या मध्ये बसणाऱ्याला सगळ्यात कमी लागतो. आईंना चालकाशेजारी बसवा, नाहीतर दुसऱ्या रांगेत, आणि कमरेमागे छोटी उशी द्या. मुलांना घाटापुरतं दुसऱ्या रांगेत आणा, हातातले मोबाइल काढून घ्या, समोरचा रस्ता बघू द्या. चालवणाऱ्याने वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक मारू नये. आंबा घाटात एवढं केलं तरी निम्मी पोरं वाचतात.

गाडी विकायची का, हा शेवटचा मुद्दा. त्याआधी एक प्रयोग करा. डिकीत, मागच्या आसाच्या जवळ, ५० किलोची साखरेची दोन पोती आडवी ठेवा. कोल्हापूरच्या बाजूला ती मिळायला अडचण नाही. दोराने पक्की बांधा, सुटी ठेवाल तर ब्रेक मारल्यावर ती पुढे येतील. चाकं आणि हवा कंपनीच्या मापावर आणलेली असावीत. मग आईंना घेऊन नेहमीच्या रस्त्याने जा. स्पष्ट फरक पडला तर गाडी ठीक आहे, ती फक्त रिकामी चालतेय. अशा वेळी चांगले शॉकअप टाकून गाडी ठेवा. पोत्यांनी काहीच फरक पडला नाही तर शॉकअप किंवा रबर गेलंय, तिथे खर्च करा. आणि नवे शॉकअप, नवं रबर, कंपनीची चाकं एवढं करूनही आईंची पाठ दुखत राहिली, तर विका आणि चॅसिस नसलेली, मागची चाकं स्वतंत्र असलेली गाडी बघा, एक्सयूव्ही७००सारखी. त्याच वर्गातल्या सफारीची बॉडीही चॅसिसविना आहे, पण तिला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे चाकं अर्धीच स्वतंत्र. दोन्हींच्या मागच्या सीटवर आईंना बसवूनच ठरवा. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका, सेल्समनला खड्ड्यांच्या गल्लीत न्या.

शॉकअप आणि बुश बदलायला गाडी द्याल तेव्हा एक गोष्ट समोर उभं राहून बघा. रबरी बुशचा शेवटचा नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचा नसतो. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन त्यांच्यावर आल्यावर आवळायचा. नाहीतर बुश पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहतो, गाडी कडक लागते, आणि तो वर्षभरात फाटतो. घाईच्या दिवशी अर्धी गॅरेजं हे करत नाहीत. मेकॅनिक वैतागेल, म्हणेल, ‘साहेब, आम्हाला शिकवताय का?’ वैतागू दे. चहा मागवा, पण तिथून हलू नका.